विंटेज मोटारी (जालना जिल्हा)
जुन्या मोटारी मूळ रूपात जपण्याचा छंद. महाराष्ट्रातील हौशींचा जीव मुख्यतः प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातील फियाट व पद्मिनीवर. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर काढून तळाशी बसवलेली गाडी दर्दी माणूस नाक मुरडून पाहतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, खासगी, फारसा फेरफार नसलेली गाडी ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका, शुल्क २०,००० रुपये. आधीच नोंदलेलीला जुना क्रमांक ठेवता येतो. जालना जिल्हा १९८१चा, म्हणजे सध्याची प्रत्येक विंटेज गाडी त्याच्याहून वडीलधारी. जालन्याचा ‘एमएच २१’ तिच्या मूळ पाटीवर असणे शक्यच नाही. शिवाय जालन्याचे पोलाद कारखाने भंगार वितळवून सळया करतात, त्यामुळे गंजक्या सांगाड्याला गॅरेजआधी भट्टीचे गिऱ्हाईक सापडते.