धरणगावची भिल्ल पलटण

जळगाव जिल्ह्यातील धरणगाव आज बाजारपेठेचे गाव म्हणून आपणांस ठाऊक आहे. १८२५ साली मात्र तेथे एक आगळा प्रयोग सुरू झाला.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्ल साऱ्या मुलखाची डोकेदुखी होऊन बसले होते. गावे लुटली जात, वाटा बंद पडत. पण हे वैर कोठून उपजले, हेही आपण पाहिले पाहिजे. १८०३-०४ च्या दुष्काळानंतर पेशव्यांच्या सरसुभेदाराने भिल्लांना बोलणी करण्यासाठी म्हणून कोपरगावी बोलावले आणि विहिरींत लोटून मारले. एकदा दिलेला शब्द असा मोडला, की पुढे कोणाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? कंपनी सरकारनेही आरंभीची काही वर्षे फौजाच धाडल्या. त्यांतून हाती फारसे काही लागले नाही.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी मग वेगळा मार्ग धरला. शेती करू इच्छिणाऱ्यांना जमीन व तगाई द्यावी, आणि तरुणांची भिल्लांचीच पलटण उभारावी, असे ठरले. पलटणीचे काम बावीस वर्षांच्या जेम्स औट्रम यांच्याकडे आले. त्यांनीही प्रथम शस्त्रच उगारले होते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु नंतर ते सैन्य मागे ठेवून भिल्लांच्या वस्त्यांत गेले, त्यांच्यासोबत शिकारीला हिंडले, दुखणाइतांना औषध दिले. पहिले रंगरूट अगदी मोजके!

आम्हांला यातील सर्वांत मोलाची वाटते ती मालेगावची हकिकत. नवी पलटण तेथील छावणीत आली, तेव्हा तिची टिंगल होईल अशी धास्ती होती. पण औट्रम यांच्या मूळच्या तेविसाव्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपायांनी भिल्लांना शेजारी बसविले, पानसुपारी दिली. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. तिचा हुकूम कोणी काढल्याचे आमच्या वाचनात नाही.

या सौजन्यामागे कंपनीचा स्वार्थ होताच. वाटा सुरक्षित झाल्या, वसुली वाढली. १८३५ साली औट्रम खानदेशातून गेले. पुढे १८५८ साली सातपुड्यातील अंबापाणी येथे खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या बंडकरी भिल्लांशी इंग्रज फौजेची लढाई झाली. पकडलेल्या कित्येकांना तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. त्या फौजेत धरणगावची भिल्ल पलटणही होती.