तुरटी

तुरटी हा पोटॅशियम सल्फेट व ॲल्युमिनियम सल्फेट यांपासून बनलेला स्फटिकरूप द्विक्षार आहे. तिला संस्कृतमध्ये स्फटिकी, तर हिंदीत फिटकरी म्हणतात. मराठी नाव तिच्या तुरट चवीचे निदर्शक आहे. पाणी निवळणे, कापड रंगवणे व कातडी कमावणे यांसाठी तिचा वापर प्राचीन काळापासून होत आला आहे. ॲल्युमिनियम हे धातूचे नावही तुरटीच्या ‘अल्युमेन’ या लॅटिन नावावरून पडले.

स्वरूप व गुणधर्म

आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून क्षार व पाणी तयार होतात. साध्या क्षारात सामान्यतः एकाच प्रकारचे धन आयन असतात. तुरटीत मात्र पोटॅशियम व ॲल्युमिनियम असे दोन प्रकारचे असतात, म्हणून ती द्विक्षार होय. तिचे स्फटिक रंगहीन व अष्टफलकीय असतात. पोटॅशियमच्या प्रत्येक आयनामागे त्यांत पाण्याचे १२ रेणू असून, स्फटिकाच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग या स्फटिकजलाचा असतो. सुमारे ९२° सें. तापमानास तुरटी स्वतःच्याच स्फटिकजलात वितळते. आणखी तापवल्यास पाणी निघून जाऊन ती फुगते व पांढरी, सच्छिद्र होते. तिला तुरटीची लाही म्हणतात. थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात तुरटी कितीतरी अधिक विरघळते. तिचे द्रावण आम्लधर्मी असल्याने निळा लिटमस तांबडा होतो.

ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम असलेल्या, जांभळ्या रंगाच्या क्षारास क्रोम तुरटी म्हणतात. तिच्यात ॲल्युमिनियम नसले, तरी स्फटिकरचना समान असल्याने तिची गणना तुरटीवर्गातच होते.

निर्मिती

बॉक्साइटावर सल्फ्यूरिक आम्लाची क्रिया करून ॲल्युमिनियम सल्फेट मिळवतात. त्याच्या गरम द्रावणात पोटॅशियम सल्फेट मिसळून ते थंड केले असता तुरटीचे स्फटिक वेगळे होतात. ॲल्युनाइट या खनिजापासूनही तुरटी मिळते.

उपयोग

गढूळ पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात व तळाशी बसत नाहीत. तुरटीतील धनभारित ॲल्युमिनियम आयन हा भार नाहीसा करतात. त्याचबरोबर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाचा चिकट साका तयार होतो. त्यात कण अडकून खाली बसतात व वरचे पाणी नितळ होते. जलशुद्धीकरण केंद्रांत याच तत्त्वावर मुख्यतः ॲल्युमिनियम सल्फेट वापरतात.

तुरटीमुळे त्वचा आकसते व प्रथिने साखळतात. त्यामुळे दाढी करताना झालेल्या बारीक जखमेतील रक्तस्राव थांबतो. रंगकामात ती रंगबंधक म्हणून उपयोगी पडते. मंजिष्ठेचा तांबडा रंग सुती कापडावर पक्का बसतो तो तिच्यामुळेच.

मर्यादा

तुरटीने निवळलेले पाणी स्वच्छ दिसले, तरी ते निर्जंतुक झालेले नसते. साक्याबरोबर काही जंतू तळाशी जातात, पण उरलेले पाण्यातच राहतात. पाण्यात विरघळलेले क्षार व विषारी द्रव्येही तुरटीने पूर्णपणे दूर होत नाहीत. म्हणून असे पाणी वरच्यावर ओतून घेऊन, गाळून उकळल्यावर किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन मिसळल्यावरच पिण्यासाठी वापरणे आवश्यक असते. पावसाळ्यात नदी-विहिरींचे पाणी गढूळ होते, तेव्हा हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.