मे गुस्ता : एक तळटीप

* 'मे गुस्ता एल अर्रोस' म्हणजे 'मला भात आवडतो'. इंग्रजी बोलणारा सवयीने 'मी'ला कर्ता करतो, 'यो गुस्तो' म्हणतो आणि चुकतो. स्पॅनिशमध्ये क्रियापद आवडणाऱ्या वस्तूमागे जाते: एक आंबा असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. भातशेतीच्या भोर तालुक्यातल्या, उत्रोलीच्या शाळकरी मुलाला हे वळण नवे नाही. 'मला भात आवडतो', 'मला आंबे आवडतात' असे तो रोजच बोलतो.

'असणे' या अर्थाची 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन स्पॅनिश क्रियापदे मात्र मराठी माणसालाही अडवतात. आपले एकटे 'आहे' दोघांचे काम करते.

'सेर'चे 'सोय दे उत्रोली': मी उत्रोलीचा आहे. 'एस्तार'चे 'एस्तोय एन उत्रोली': मी आत्ता उत्रोलीत आहे. वाचकांनी ही जोडी मोठ्याने म्हणून पाठ करावी.