पंख मिटून रस्त्याने

कडब्याने भरलेली गाडी गावच्या रस्त्याने निघाली की समोरून येणारा माणूस आपणहून बाजूला उभा राहतो. गाडीत वजन बेताचेच असते, पण पसारा मोठा. एखादी फांदी आडवी आली किंवा वाऱ्याचा झोत अंगावर आला, की गाडीवानाची तारांबळ उडते. आज मी अशाच एका हलक्या पण पसरट ओझ्याची हकीकत सांगणार आहे. ते ओझे म्हणजे लहान विमान, आणि हकीकत आहे ते पंख मिटून मोटारीच्या मागे रस्त्याने नेण्याची.

आपण म्हणाल, विमान उडवीत न्यावे, ते रस्त्याने ओढीत नेण्याची हौस कोणाला? प्रश्न बरोबर आहे. पण दोन माणसांचे खाजगी विमान दिवसातून तास-दोन तास उडते. उरलेला वेळ ते ठेवायचे कुठे? पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते तीस फूट भरते. एवढ्या रुंद दाराची छपरी बांधायची, नाहीतर विमानतळावर जागेचे भाडे भरीत बसायचे. विमान घेणे एक वेळ जमेल, पण ते ठेवणे परवडेना, असा हा पेच होता. तो सोडवण्यासाठी मिटणारे पंख आले. म्हणजे बघा, मिटणारा पंख हा आकाशासाठी जन्मलाच नाही. तो जन्मला जमिनीवरच्या अडचणीतून.

पहिली अडचण जहाजावरची. इंग्लंडात शॉर्ट बंधूंचा विमानांचा कारखाना होता. त्यांनी १९१३ साली पाण्यावर उतरणारे एक विमान असे केले, की त्याचे पंख मागे वळवून अंगालगत ठेवता येत. त्याच वर्षी असे विमान ब्रिटिश आरमाराच्या ‘हर्मिस’ या जहाजावर चढले. जहाजावर जागेचा तुटवडा, तेव्हा पाखरासारखे पंख मिटून बसणारे विमान आरमाराला सोयीचे वाटले, यात नवल नाही.

पहिले महायुद्ध संपले, आणि सामान्य ऐपतीच्या माणसालाही विमान घेता यावे, असा विचार इंग्लंडात सुरू झाला. १९२३ सालच्या ऑक्टोबरात केंट परगण्यातल्या लिम्प्न येथे हलक्या विमानांच्या स्पर्धा झाल्या. मोटारसायकलला शोभेल एवढेच, ७५० घन सेंटिमीटरपर्यंतचे इंजिन लावण्याची मुभा होती. तेल कोण कमी खातो हे पाहायचे होते. दोन विमानांनी एका गॅलनात साडेसत्त्याऐंशी मैल जाऊन बक्षीस वाटून घेतले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या स्पर्धेतली दुसरी एक अट महत्त्वाची आहे. विमान शेताच्या फाटकातून बाहेर काढून दोन माणसांनी एक मैल रस्त्याने नेऊन दाखवायचे! आकाशात जाणाऱ्या यंत्राची परीक्षा शेताच्या फाटकात घेतली गेली. परीक्षा घेणाऱ्यांना व्यवहार चांगला कळत होता, असेच म्हणावे लागेल.

या स्पर्धांतली विमाने फारच इवलीशी होती. जेफ्री डी हॅविलंड या विमान बांधणाऱ्या गृहस्थांना वाटले की असल्या खेळण्यांनी कोणाचे काम भागणार नाही. त्यांनी दोन माणसांचे, जरा धट्टेकट्टे विमान आखले. त्याच्यासाठी युद्धातल्या एका आठ नळकांड्यांच्या इंजिनाचे जणू दोन भाग केले आणि एका भागाचे चार नळकांड्यांचे, साठ अश्वशक्तीचे इंजिन तयार करवून घेतले. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन मैदानावरून हे विमान प्रथम उडाले. त्याचे नाव ठेवले ‘मॉथ’. मॉथ म्हणजे दिव्याभोवती फिरणारा पतंग. डी हॅविलंड यांना असले किडे-पतंग जमवण्याचा नाद होता, आणि या विमानाचे पंखही पतंगासारखे अंगालगत मिटत.

ते कसे मिटत, हे जरा नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. मॉथ हे दुपंखी विमान होते. म्हणजे वर एक पंख, खाली एक पंख. प्रत्येक पंखात घराच्या आढ्यासारखे दोन मोठे लाकडी वासे असत, एक पुढच्या कडेजवळ आणि एक मागे. मागचा वासा विमानाच्या अंगाला बिजागरीने जोडलेला, आणि पुढचा जाड खिळीने अडकवलेला. पुढची खीळ काढली की दार उघडावे तसा पंख मागच्या बिजागरीवर फिरून शेपटाकडे जाई. तीस फुटांचे विमान दहा फुटांच्या आसपास येई आणि मोटारीच्या छपरीत मावे.

पण एक गोष्ट विसरून चालत नसे. खीळ काढण्याआधी वरच्या आणि खालच्या पंखांच्या पुढच्या वाशांमध्ये एक तात्पुरता टेकू ठोकून बसवावा लागे. का? तर खीळ निघाली की त्या वाशांची मुळाशी असलेली पकड गेली. पंखांचा सांगाडा लोंबकळू लागणार, पिळला जाणार. जुन्या घराचा खांब बदलताना आपणही आधी तुळईला टेकू देतो आणि मगच खांबाला हात लावतो. तोच हा न्याय.

पंख मिटले की विमानाचे शेपूट उचलायचे, मोटारीच्या मागे अडकवायचे, आणि विमान आपल्याच चाकांवर उलट्या तोंडाने निघायचे. दिसायला मोठी गंमत. पण विमानाचा जीव यात थोडा कष्टी होई. विमानाची चाके गवताच्या मैदानावर काही क्षण धावण्यासाठी केलेली, मैलोगणती खडीच्या रस्त्यासाठी नव्हेत. शिवाय उलटे चालल्यामुळे वारा शेपटाच्या सुकाणूवर उलट्या बाजूने येई. ते मोकळे राहिले, तर फटाफट आपटून त्याच्या बिजागऱ्या खिळखिळ्या होणार. म्हणून ते बांधून ठेवणे भाग.

याच मॉथ घराण्याशी आपला जवळचा संबंध आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला परवाना. १९३० साली आगाखानांनी लावलेल्या पैजेत ते मॉथवरूनच उतरले. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. ते विमान होते ‘पस मॉथ’. एकपंखी, पण पंख मिटणारेच. अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, असे सांगतात. विमानाला जमिनीवर आले की गाडीची गरज लागतेच, मग ती बैलाची असो की मोटारीची.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न पुन्हा जहाजांवर उभा राहिला. अमेरिकेत लेरॉय ग्रमन नावाचे विमान बांधणारे होते. पंख कोणत्या तिरप्या रेषेवर वळवला म्हणजे तो अंगालगत बसेल, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांनी काय केले? एक खोडरबर घेतले, कागदाला लावायच्या दोन तारेच्या टाचण्या सरळ करून त्यात खुपसल्या, आणि वेगवेगळ्या कोनांतून फिरवून पाहिल्या. त्यातून ३८ फुटांचे लढाऊ विमान साडेचौदा फुटांच्या आत बसू लागले. शिक्षक बंधु-भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. खर्च दोन पैशांचा, आणि भूमिती मुलांच्या हातात येईल.

युद्धानंतर अमेरिकेत मोल्टन टेलर यांनी आणखी निराळी शक्कल लढवली. १९४९ साली त्यांनी ‘एअरोकार’ तयार केली. उडून आले की पंख आणि शेपूट सोडवायचे, त्यांचीच एक चाकांची जोडगाडी करायची आणि मोटारीच्या मागे लावून घरी जायचे. १९५६ साली तिला सरकारी मान्यताही मिळाली, पण गाड्या मात्र मोजक्याच बनल्या. विमान आणि मोटार यांचे एकत्र कुटुंब काही नांदले नाही.

नांदली ती साधी युक्ती. १९८४ साली अमेरिकेत ‘किटफॉक्स’ नावाचे दोन माणसांचे विमान निघाले. सुटे भाग घ्यायचे आणि घरी स्वतः बांधायचे. याचेही पंख मागे मिटतात आणि रुंदी आठ फुटांच्या आसपास येते. मात्र आता जाणती माणसे विमानाला त्याच्या चाकांवर पळवीत नाहीत. वेगळी जोडगाडी, म्हणजे ट्रेलर, घेतात आणि विमान तिच्यावर बसवून नेतात. मॉथच्या काळात रस्त्याने जे शिकवले, त्याचेच हे फळ.

आता ट्रेलर भरण्याचे शास्त्र. आपल्याकडच्या जुन्या गाडीवानाला यातले अर्धे आधीच ठाऊक आहे. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे फार पुढे आले, तर बैलांची मान मोडते. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त भार मोटारीच्या आकड्यावर यावा. मागे भार गेला, तर वेग वाढताच ट्रेलर सापासारखा डावीउजवीकडे झुलू लागतो आणि मोटारीलाही घेऊन पडतो. मिटलेले पंख शेपटाकडे जातात, म्हणजे भारही तिकडेच सरकतो. म्हणून पंख उघडे असताना केलेला वजनाचा अंदाज पंख मिटल्यावर खोटा ठरतो. तोल पुन्हा पाहावा.

दुसरे, रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त खडखडते, हेही आपल्याला माहीत आहे. जड ओझ्यासाठी केलेल्या ट्रेलरच्या स्प्रिंगा हलक्या विमानाखाली दबतच नाहीत. मग प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ विमानाला बसतो. ट्रेलर विमानाच्या वजनाला साजेसा मऊ हवा.

तिसरे, बांधणे. दोर आवळायचा तो चाकांच्या दांड्यांना आणि अंगाच्या पक्क्या सांध्यांना, पंखाच्या कापडी पोटाला नव्हे. मिटलेल्या पंखाचे टोक बिजागरीपासून लांब असते, म्हणून टोकाला वीतभर हेलकावा बसला तरी बिजागरीवर मोठा जोर येतो. त्याला वाशाखालीच, मऊ गादी घालून, टेकू द्यावा. सुकाणू आणि पंखांच्या कडेची हलती फळकुटे बांधून टाकावीत. आणि वारा! पंख हा वाऱ्यावर उचलला जाण्यासाठीच केलेला आहे. तो रस्त्यावर आहे की आभाळात, हे वाऱ्याला काय कळणार? वेग बेताचा ठेवावा, आडवा वारा सुटला तर थांबावे. पहिल्या दोन-तीन मैलांनंतर तर थांबावेच. दोर सैल झाले का आणि ट्रेलरच्या चाकांचे तुंबे तापले का, हे हात लावून पाहावे.

पण श्रोतेहो, सगळ्यात मोठा धोका रस्त्यावर नसतो. तो प्रवास संपल्यावर येतो. पंख उघडले, खीळ घातली, पण पुरती बसली का? सुकाणूच्या तारा जोडल्या, पण उलट तर जोडल्या नाहीत? माणूस दमलेला असतो, हवा छान असते, उडण्याची घाई असते. १९६० सालच्या ऑगस्टात इटलीत नेपल्स येथे अमेरिकन आरमाराचे एक ‘क्रुसेडर’ लढाऊ विमान पंखांची टोके मिटलेलीच ठेवून उडाले. वैमानिक कसलेला, सगळी यंत्रे अव्वल, तरी डोळ्यांसमोरची गोष्ट दिसली नाही. विमानाचे मधले पंख मोठे आणि इंजिन जबर होते, म्हणून सुमारे चोवीस मिनिटांनी तो सुखरूप खाली आला. लहान विमानाच्या नशिबी असली उधारी नसते. तिथे अर्धवट बसलेली खीळ हवेत निघाली, की सारे संपले.

म्हणून पंख जोडणाऱ्यांत एक साधा रिवाज आहे. ज्याने खीळ घातली, त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्याने हात लावून, ओढून पाहायची. एकजण आत बसून दांडा डावीकडे हलवतो, दुसरा बाहेर उभा राहून फळकूट हाताने धरतो आणि योग्य बाजूला जोर येतो की नाही हे सांगतो. या कामात कोणी बोलायला आला, तर ते अर्धवट ठेवून पुढे जायचे नाही, पहिल्यापासून सुरू करायचे.

चाकाच्या आसाची खीळ बोटाएवढी असते, पण भरली गाडी तिच्यावर चालते. रात्री घाटात उतरण्याआधी जुना गाडीवान कंदील घेऊन खाली वाकतो आणि ती खीळ चाचपून पाहतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. विमानाला मिटणारे पंख देणारे लोक मोठे बुद्धिमान होते, यात शंका नाही. पण ते पंख सुखरूप नेले आणि सुखरूप उघडले, ते अशाच वाकून पाहणाऱ्या माणसांनी.