टपालहंशील आणि जुनीं तिकिटें

मुंबईहून पुण्यास जाणारें टपाल पूर्वीं जलमार्गानें पनवेलीस उतरे आणि तेथून चौक, खालापूर, खोपोली या वाटेनें बोरघाटाच्या पायथ्याशीं येई. घाटांतील गाडीरस्ता 1830 सालीं सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला. रस्ता झाला, तरी पत्र पाठविणें ही सामान्य माणसाच्या आवांक्यांतली गोष्ट नव्हती. 1837 च्या कायद्याप्रमाणें हंशील वजनावर आणि अंतरावर पडे. मुंबईहून कलकत्त्यास एक तोळ्याचें पत्र धाडावयाचें, तर एक रुपया लागे. रुपयाचें नाणेंहि तोळाभरच वजनाचें. म्हणजे पत्राच्या भारोभार नाणें मोजावयाचें!

पूर्वीं साताऱ्यास काम केलेले बार्टल फ्रिअर यांनीं सिंधचे कमिशनर असतां 1852 त अर्ध्या आण्याचें ‘सिंध डाक’ तिकीट काढलें. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांतच मोडे. पुढें ता. 1 ऑक्टोबर 1854 पासून सर्व हिंदुस्थानांत अंतराचा हिशेबच सुटला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, म्हणजे रुपयाचा बत्तिसावा भाग. खोपोलीचें पत्र घाट चढून खंडाळ्यास जावो, कीं थेट कलकत्त्यास जावो, दर तोच. तिकीट न लावल्यास घेणाऱ्यास दुप्पट भुर्दंड. 1869 त त्याच अर्ध्या आण्यांत अर्धा तोळा जाऊं लागला. 1879 त पाव आण्याचें कार्ड निघालें आणि तें 1922 पर्यंत त्याच किंमतीस मिळे.

आतां या तिकिटांच्या मोलाविषयीं. जुनें तितकें मोलाचें, ही समजूत खरी नव्हे. 1854 चें अर्ध्या आण्याचें निळें तिकीट लक्षावधि छापलें गेलें. तें आजहि संग्राहकांस मिळतें. सिंध डाकेचें तांबडें तिकीट मात्र ठिसूळ चकतीवर उठविलेलें. तें फुटून जाई, म्हणून दुर्मिळ. चार आण्यांचें तिकीट दोन वेळां छापीत, चौकट तांबडी व राणीचें मुख निळें. एखादा ताव उलटा घातला गेला आणि मुख खालीं डोकें वर पाय असें उमटलें. त्या चुकीचीं थोडींच तिकिटें उरलीं, आणि त्यांस अपार किंमत येते. या पहिल्या तिकिटांना कडेस छिद्रें नसत. कात्रीनें कापावीं लागत. चारी बाजूंस कोरी कड राखून कापलेलें तिकीट म्हणूनच अधिक मोलाचें.

माळ्यावरचें बासन सोडून मुलें तिकिटें फाडून घेतात आणि कागद रद्दींत जातो, तेथेंच खरी हानि होते. तिकिटासह अखंड राहिलेलें पत्र सुट्या तिकिटाहून पुष्कळदां अधिक किंमतीचें असतें. 1854 पूर्वींच्या पत्रावर तर तिकीट नसतेंच; हातानें मांडलेला हंशिलाचा आकडा हीच त्याची खूण, आणि अशीं पत्रें निरुपयोगी समजून प्रथम जाळलीं जातात.

या भागांतल्या पत्रांस आणखी एक महत्त्व आहे. आगगाडी खोपोलीस 1856 त आली. खंडाळ्याहून पुण्यापर्यंतची 1858 त सुरू झाली. मधला घाट रस्त्यानेंच चढावा लागे. कर्जतहून घाट चढणारा लोहमार्ग 1863 च्या एप्रिलांत खुला झाला. म्हणून शिक्क्यावरील तारीख वाचतां आली, तर मुंबईचें तें पत्र खोपोलीस गाडींतून उतरून बैलांच्या वा माणसांच्या पायांनीं घाट चढलें, कीं कर्जतावरून गाडींत बसूनच पुण्यास गेलें, हें सांगतां येतें. सुट्या तिकिटावर त्या शिक्क्याचा फार तर एखादा तुकडा उरतो.