सेल्फ जातो तेव्हा

'गाडीचा सेल्फ गेलाय' असं आपण सहज म्हणतो. पण पेट्रोलचं इंजिन स्वतःहून कधीच सुरू होत नाही. हवा आणि इंधन आत ओढायचं, दाबायचं, मग ठिणगी पडणार. आणि ओढायला-दाबायला इंजिन आधीपासून फिरत असायला हवं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कॉम्प्युटर बूट होतानाही हाच पेच असतो: प्रोग्रॅम लोड करायला आधी एक छोटा प्रोग्रॅम लागतो. गाडीला पहिला फेरा कोण देणार, हा तसाच प्रश्न.

सुरुवातीला तो माणसाचा हात देत असे. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीला पुढून हँडल मारावं लागे. त्याआधी स्टिअरिंगजवळची कांडी सरकवून ठिणगी उशिरा पडेल अशी सोय करायची. हे विसरलं, तर पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट व्हायचा, इंजिन उलटं फिरायचं आणि हँडल मनगटावर आदळायचं. म्हणून जाणकार हँडल खालून वर ओढत आणि अंगठा मुठीभोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांसोबतच ठेवत. मनगटाजवळच्या एका फ्रॅक्चरला डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. त्या हँडलची आठवण वैद्यकशास्त्रात अशी राहिली आहे.

हा मार थांबवला चार्ल्स केटरिंग यांनी. ते आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. हाताने फिरवायच्या गल्लापेटीला त्यांनी विजेची मोटर बसवली होती. मोटर क्षणभरच चालवायची असेल, तर लहान मोटरकडूनही भरपूर जोर काढता येतो, हे त्यांना तिथं कळलं होतं. तीच युक्ती १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आली. मॉडेल टीला सेल्फ मिळायला मात्र १९१९ उजाडलं.

पण सेल्फ हे यंत्र आहे, ते बिघडणारच. मग लोकांनी पहिला फेरा दुसरीकडून आणला. मोटरमधले कार्बन ब्रश झिजून अडकले असतील, तर वर हलकी ठोक द्यायची. पुन्हा संपर्क जुळतो आणि गाडी गॅरेजपर्यंत पोचते. गाडी उतारावर लावून ठेवायची, म्हणजे फेरा गुरुत्वाकर्षण देतं. सगळ्यात ओळखीचा उपाय म्हणजे धक्का: इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. एरवी इंजिन चाकं फिरवतं, इथं चाकं इंजिन फिरवतात. काही जण तर इंजिनाच्या जोरावर फिरणारं एक चाक जॅकवर उचलून, त्याला दोर गुंडाळून तो झटक्यात ओढत. यात धोका मोठा, कारण इंजिन पेटताच चाक जोरात फिरू लागतं आणि गाडी जॅकवरून निसटू शकते.

आपल्याकडे जुन्या ॲम्बॅसिडरला आणि कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटला सेल्फ असला, तरी हँडलचीही सोय होती. बॅटरी उतरली तर पर्याय हवा, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर तो बॅकअप होता.

हँडल गेलं याचं मला वाईट वाटत नाही. त्याने पुष्कळ हात मोडले. पण त्याच्या मागोमाग धक्क्याचीही सोय आक्रसत चालली आहे. आजच्या मॅन्युअल गाडीचा फक्त सेल्फ गेला असेल, तर धक्का अजून बहुधा चालतो. बॅटरी पूर्ण मेली असेल, तर मात्र इंधन सोडणारा पंप आणि इंजिनाचा कॉम्प्युटरच बंद असतो. कितीही ढकला, उपयोग नाही. नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत तर चाकं आणि इंजिन जोडायला लागणारा तेलाचा दाब इंजिन फिरल्यावरच तयार होतो. म्हणजे पुन्हा तोच पेच, आणि या वेळी बाहेरून हात घालायला जागा नाही. हाक मारल्यावर चार माणसं आजही धावत येतात, पण त्यांना ती गाडी फक्त रस्त्याच्या कडेला लावता येते.