लाज सांगावी कुणाला?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही; आमचे आयुष्य त्यातच गेले. तथापि आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. माणसाला आपल्या रूपाविषयी जी लाज वाटते ती तो कुणापाशी बोलतो, आणि बोलल्याने काय होते, याचा थोडा इतिहास आम्हांस सांगावयाचा आहे.

हा विषय आम्हांला कामगारांनीच दिला. तक्रार लिहून घेतली, बाकीची मंडळी उठून गेली, म्हणजे एखादा जण मागे रेंगाळतो आणि मग खरे बोलतो. भट्टीवर हात भाजला, त्याचे पैसे मिळतील; पण बहिणीच्या लग्नात हा हात चारचौघांपुढे कसा आणू? दुसऱ्याच्या अंगावर कोड उठलेले असते आणि डबा खाताना त्याच्याशेजारी कुणी बसत नाही. एखादी मुलगी सांगते की सगळे तिला 'काळी' म्हणूनच हाक मारतात, हजेरीपटावरचे नाव कुणाला ठाऊकच नाही. या गोष्टी तक्रारीच्या अर्जात बसत नाहीत. परंतु माणूस कामावर यावयाचे सोडतो तो पुष्कळदा अशाच गोष्टींपायी.

आमचे शाळेतले शिक्षण थोडके. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. तेथे आम्हांला आढळले की या विषयाचे फार जुने दप्तर आपल्याच गावात आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे पैठण म्हणजे प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी होती. त्या घराण्यातील हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह आहे. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने १८८१ मध्ये लाइपझिग येथे तो छापला, आणि १९५६ मध्ये स. आ. जोगळेकरांनी तो मराठी वाचकांच्या हाती दिला. या गाथांत राजेरजवाडे थोडे. शेतकरी, पारधी, वाटसरू आणि घरोघरच्या बाया पुष्कळ. आणि या बाया बोलतात कुणाशी? सखीशी आणि मामीशी. नवरा पूर्वीसारखा पाहत नाही, विरहाने हात वाळले आणि बांगड्या गळू लागल्या, असे मनातले त्या तिच्या कानी घालतात. राजसभेत जे बोलता येत नव्हते ते पाणवठ्यावर बोलले जात होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

त्यांतली एक गाथा आम्ही फार दिवस मनात बाळगून आहो. स्वयंपाकात गुंतलेल्या गृहिणीचा काजळी लागलेला हात चेहऱ्याला लागतो, तोंडावर डाग पडतो, आणि नवरा हसून म्हणतो की आता हे मुख अगदी चंद्रासारखे झाले. काजळीच्या डागाला चंद्रावरच्या डागाची शोभा देणे ही त्या कवीची थोरवी. आमच्यासारख्याला मात्र तेथे आणखी एक गोष्ट दिसते: तो डाग कामाचा आहे. रंगाऱ्याच्या नखांत उतरलेला रंग, हमालाच्या खांद्यावरचा घट्टा, महिनोन्महिने मागावर वाकून पैठणी विणणाऱ्याची वाकलेली पाठ, हे सारे त्याच जातीचे डाग. पैठणीने नेसणारीचे रूप खुलते. विणणाऱ्याच्या रूपाचा हिशेब कुणी ठेवीत नाही. शिवाय नवरा हसला हे गाथेने सांगितले. तिला काय वाटले ते सांगितले नाही. ते तिने दुसऱ्या दिवशी सखीलाच सांगितले असेल.

याच राजधानीतली दुसरी गोष्ट काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त लिहून ठेवली. ती रूपाच्या लाजेची नाही, विद्येच्या लाजेची आहे. पण लाजेचा स्वभाव सगळीकडे एकच. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी संस्कृतात म्हणाली की मला पाण्याने मारू नका. राजाला संधी कळला नाही. त्याने 'मोदक' ऐकले आणि लाडू मागविले. राणी हसली. राजाने अंथरूण धरले, बोलणे टाकले. अखेर गुणाढ्य आणि शर्ववर्मा यांच्यापाशी तो बोलला, तेव्हा कुठे मार्ग निघाला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. 'कातंत्र' नावाचे सोपे व्याकरण त्यातून जन्मास आले, अशी कथा आहे. कथा खरी की रचलेली, हा वाद पंडितांनी करावा. लाज मनात होती तोवर राजा निजून होता; ती दोघांना सांगितली आणि शिकण्याची सोय झाली, एवढे आम्ही त्यातून घेतले. प्रौढपणी पाटी हाती धरणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल.

राजाला मंत्री होते. ज्याला कुणीच नव्हते त्याने काय करावे? गोदाकाठच्याच गंगाखेडची जनाबाई, दुसऱ्याच्या घरची दासी. तिच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल तिची वेणी घालतो, केसांतल्या उवा काढतो. डोक्यातल्या उवा ही दासीने कुणाला सांगावी अशी गोष्ट? तिने ती देवाला सांगितली, आणि देव ती ऐकून दूर सरला नाही. पुढे आपल्या गावच्या एकनाथमहाराजांनी (१५३३–१५९९) भारुडे रचली. त्यांत आंधळा बोलतो, बहिरा बोलतो, मुका बोलतो, पांगळा बोलतो. मोडक्या घराची आणि फाटक्या लुगड्याची बाईही बोलते. नाथांना त्यातून परमार्थ सांगावयाचा होता, हे खरेच. तथापि ज्यांना लोक तोंड फिरवून टाळत त्यांच्या तोंडी नाथांनी तो परमार्थ घातला, ही गोष्ट लहान नव्हे.

बायांना आणखी एक श्रोता होता, तो म्हणजे जाते. पहाटे घर निजलेले असता ते सगळे ऐके आणि चुगली करीत नसे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस खेडोपाडी हिंडून अशा एक लाखावर ओव्या जमविल्या. पुढे गिरण्या आल्या, बाईचे कष्ट वाचले, ते बरेच झाले. पण तो श्रोताही गेला.

आता आमच्या संघटनेच्या इतिहासाकडे येतो. ब्राह्मणादी वरिष्ठ जातींत विधवेचे केस काढण्याची चाल होती. धर्मशास्त्राचे पैठण हे मोठे पीठ. तेव्हा हा विषय या गावाला परका नाही. येथे रूप दैवाने बिघडविले नव्हते, माणसांनी वस्तऱ्याने बिघडविले होते. लाज मात्र तिनेच वाहावयाची, पदर पुढे ओढून. या लाजेचा साक्षीदार होता तो न्हावी. १८९० च्या सुमारास मुंबईत शेकडो न्हावी एकत्र जमले आणि विधवांचे केस काढावयाचे नाहीत असा त्यांनी निश्चय केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) होते. १८८४ मध्ये 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' काढणारे आणि १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे ते हेच. आमच्या चळवळीचा मूळपुरुष हजेरी आणि मजुरी यांबरोबर एका बाईच्या केसांचाही विचार करीत होता, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

त्या एका सभेने चाल मोडली नाही. पुढे कित्येक वर्षे ती राहिली. शिवाय त्या सभेत विधवा बोलल्या नव्हत्या. त्यांचा शब्द पुढे आला. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी १९२८ मध्ये 'माझी कहाणी' प्रसिद्ध केली. आपले केशवपन आणि पुढे पुन्हा केस राखण्याचा निर्णय या गोष्टी त्यांनी छापून साऱ्या महाराष्ट्राला सांगितल्या. पदराखालची गोष्ट पुस्तकात आली, तेव्हा कितीतरी घरांतल्या बायांना कळले असेल की हे दुःख आपल्या एकटीचे नाही.

काळे, गोरे, टकले, बोबडे, आंधळे ही आपल्याकडची आडनावे पाहा. कुणाचा तरी पूर्वज या नावाने हिणवला गेला असेल. आज तीच नावे दारावरच्या पाटीवर मानाने मिरवतात, कारण ती सगळ्या घराण्याची झाली.

याचा अर्थ प्रत्येकाने आपले गुपित चव्हाट्यावर मांडावे असा कुणी घेऊ नये. काही गोष्टी सखीच्याच कानासाठी असतात, आणि ऐकणाऱ्याने त्या पोटात ठेवावयाच्या असतात; विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी टिंगलीचा विषय करणारा माणूस आम्ही संपफोड्याहून हलका मानतो. परंतु भाजलेला हात, वाकलेली पाठ, रंगावरून मारलेली हाक, कोडामुळे शेजारची रिकामी जागा, या गोष्टी एकट्याच्या नव्हेत. त्या दहा जणांच्या निघतात, आणि दहा जणांच्या निघाल्या की त्यांवर ठराव करता येतो. कोणती गोष्ट कानात ठेवावी आणि कोणती सभेत आणावी हे सांगणाऱ्याने ठरवावे. ऐकणाऱ्याने ते ठरवू नये.

उद्या आपल्या घरातले, आळीतले, कामावरचे कुणी मागे रेंगाळले, तर घड्याळाकडे न पाहता त्याला बसावयास सांगा. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.